दर्या आणि दऱ्या : चाचणीच्या तक्त्याविषयी काही विचार

नियम आणि उदाहरण ह्यांतील नाते आपण शिक्षक आणि विद्यार्थी मंडळी रोज अनुभवतो, परंतु त्याकडे निरखून पाहण्याची वेळ क्वचितच येते. व्याकरणाच्या वर्गात नियम आधी सांगितला जातो आणि त्याखाली दोन-तीन उदाहरणे लिहिली जातात. नियम हा जणू यजमान आणि उदाहरणे ही त्याच्या पंक्तीला बसलेली पाहुणी मंडळी, असा आपला समज असतो. गेल्या काही महिन्यांत हा समज आम्हांला सोडावा लागला, आणि तो सोडायला लावला संगणकाच्या आज्ञावलीतील एका साध्या रीतीने. त्या रीतीला प्रोग्रामर मंडळी 'पॅरामीटराइज्ड युनिट टेस्ट' म्हणतात. साहित्याच्या अभ्यासकांनी ह्या नावाने दचकून जाण्याचे कारण नाही. ती काय आहे हे सांगता सांगता आपण आपल्याच घरातल्या वस्तूंपाशी येऊन पोहोचतो, असे आमच्या प्रत्ययास आले.

काम असे होते : मराठी कवितेची ओळ दिली असता तिचे लघुगुरू लावणारी आणि वृत्त ओळखणारी एक छोटी आज्ञावली विद्यार्थ्यांसाठी तयार करावयाची. आमच्यांत काही मराठी शिकवणारे आणि काही संगणकावर काम करणारे होते. सगळ्यांना सोयीचे म्हणून आम्ही काही दिवस गणपतीपुळ्याला मुक्काम केला. त्यामागे दुसराही हेतू होता. गणपतीपुळ्याच्या शेजारचे मालगुंड हे कृष्णाजी केशव दामले, म्हणजे केशवसुत, ह्यांचे जन्मगाव. कोकण मराठी साहित्य परिषदेने तेथे उभारलेल्या स्मारकात जाऊन बसता येते. मराठी वृत्तांविषयी काम करणाऱ्याने तेथे जावे यात नवल नाही. मात्र ह्या कवीशी आमच्या तक्त्याची गाठ किती अडचणीच्या जागी पडणार आहे, ह्याची कल्पना जाताना कोणासच नव्हती.

आता चाचणीविषयी. आज्ञावली लहान लहान भागांची बनलेली असते. एकेका भागाला विशिष्ट इनपुट देऊन त्याचे उत्तर अपेक्षेप्रमाणे येते की नाही हे पाहणाऱ्या चाचणीला युनिट टेस्ट म्हणतात. 'विद्या' हा शब्द द्यावा आणि 'गुरू, गुरू' असे उत्तर येते का ते पाहावे, ही एक चाचणी झाली. मग 'पुस्तक' घ्यावा, 'तुझ्या' घ्यावा. प्रत्येकासाठी तीच चाचणी पुन्हा लिहिणे कंटाळवाणे आहेच, शिवाय वाचणाराला त्या पुनरुक्तीतून नेमके काय वेगळे आहे ते दिसत नाही. म्हणून चाचणीची कृती एकदाच लिहायची आणि बदलणाऱ्या गोष्टी, म्हणजे इनपुट आणि अपेक्षित उत्तर, एका तक्त्यात मांडायच्या. तक्त्यातील प्रत्येक नोंदीसाठी तीच कृती एकदा चालते. ही पॅरामीटराइज्ड टेस्ट. जावा भाषेच्या जेयुनिट ह्या चाचणीसाधनात २००६ सालच्या चौथ्या आवृत्तीपासून तिची सोय आहे. आम्ही वापरलेल्या पायथन भाषेतील पायटेस्टमध्ये तर फंक्शनच्या डोक्यावर तक्ता ठेवला की काम भागते.

कोणी म्हणेल, ह्यासाठी एवढा थाट कशाला? शब्दांची यादी करावी आणि एकामागून एक तपासत जावे. परंतु साध्या फेऱ्यात पहिला शब्द चुकला की चाचणी तेथेच थांबते, आणि पुढच्या पन्नास शब्दांचे काय झाले ते कळत नाही. तक्त्याच्या रीतीत प्रत्येक नोंद स्वतंत्रपणे उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण होते आणि तिला स्वतःचे नाव देता येते. पन्नासांपैकी सात चुकले आणि ते सातही 'ऱ्य' असलेले शब्द आहेत, हे एका दृष्टिक्षेपात दिसते. अशी एकत्र दिसलेली सात अपयशे स्वतःच दोषाचे निदान सांगतात. एकट्या अपयशाला ते साधत नाही.

आमच्या आज्ञावलीचे मुख्य भाग दोन होते. पहिला भाग अक्षरांना लघुगुरू लावी आणि दुसरा त्या लघुगुरूंचे तीन-तीनचे गट करून गणांची नावे सांगे. दोन्हींना तक्तेच हवे होते, पण त्या तक्त्यांचा स्वभाव सर्वस्वी वेगळा निघाला.

गणांचा तक्ता आधी घेऊ. अक्षर लघू असेल किंवा गुरू असेल, आणि गणात अक्षरे तीन. म्हणजे शक्यता दोन गुणिले दोन गुणिले दोन, एकूण आठ. य, म, त, र, ज, भ, न, स हे ते आठ गण. आठ नोंदी लिहिल्या की विषय संपला. नववी नोंद असूच शकत नाही. येथे 'यमाताराजभानसलगा' ह्या शाळेत पाठ केलेल्या सूत्राकडे आम्ही नव्याने पाहिले. त्यात अक्षरे फक्त दहा आहेत, पण कोठूनही सलग तीन अक्षरे उचलावीत तर एक गण मिळतो, आणि आठही गण एकेकदाच मिळतात, ना अधिक ना उणे. 'यमाता' हा य गण, 'मातारा' हा म गण, असे करत 'सलगा' हा स गण. ज्याने हे सूत्र रचले त्याने सगळी इनपुटे झाकणारा सर्वांत आटोपशीर तक्ता एका शब्दात बसवून ठेवला आहे. तीन अक्षरांचे गट पाडून उरलेल्या अक्षरांचे काय करायचे हे तपासण्यासाठी मात्र आणखी तीन नोंदी लागल्या. भुजंगप्रयाताची अक्षरे बारा, काहीच उरत नाही. शार्दूलविक्रीडिताची एकोणीस, एक उरते. वसंततिलकेची चौदा, दोन उरतात. तिन्ही घेतली की तीही बाजू पूर्ण झाली.

पिंगलाच्या छंदःसूत्रांत 'प्रस्तार' नावाचे प्रकरण आहे. अमुक अक्षरांच्या चरणात लघुगुरूंच्या जेवढ्या रचना संभवतात तेवढ्या सगळ्या क्रमाने मांडण्याची ती रीत. शार्दूलविक्रीडिताच्या एकोणीस अक्षरांचा प्रस्तार मांडला तर ५,२४,२८८ रचना होतात आणि त्यांतील एकच शार्दूलविक्रीडित. संगणकाला ही संख्या जड नाही. सगळ्या रचना तपासून एकाच रचनेला ते नाव मिळते याची खात्री करणे त्याला सहज शक्य आहे.

पहिल्या भागाचे, लघुगुरू लावण्याचे, तसे नाही. तेथे इनपुट म्हणजे मराठी शब्द, आणि त्यांचा प्रस्तार कोणीही मांडू शकत नाही. सगळे तपासणे अशक्य असेल तेव्हा निवड करावी लागते, आणि निवड आली की विवेक आला. चाचणीशास्त्र येथे दोन गोष्टी सांगते. एक, ज्या इनपुटांना आज्ञावली सारख्याच रीतीने वागवते त्यांचा एक वर्ग मानावा आणि वर्गातून मोजके प्रतिनिधी घ्यावेत. 'पुस्तक' घेतल्यावर 'मस्तक' घेऊन फारसे नवे हाती लागत नाही. दुसरी, दोन वर्गांच्या सीमेवर दोन्ही बाजूंना एकेक नोंद ठेवावी, कारण दोष बहुधा सीमेवरच दडलेला असतो.

आमच्या तक्त्यातील उत्तम नोंदी अशा जोड्यांच्याच आहेत. 'दर्या' म्हणजे समुद्र; त्यातला 'द' जोडाक्षराच्या आघाताने गुरू. 'दऱ्या' म्हणजे दरीचे अनेकवचन. त्यातला 'द' लघूच राहतो. 'विद्या'तील 'वि' गुरू, परंतु 'तुझ्या'तील 'तु' मराठी कवी सामान्यतः लघू धरतात. 'चिन्ह' ह्या शब्दात 'चि'वर आघात येतो, 'पुन्हा'मध्ये 'पु'वर येत नाही, जरी पुढे 'न्ह' दोन्हीकडे तोच आहे. जुन्या छपाईत 'हंसला' असे अनुस्वार देऊन लिहीत. तेथे अनुस्वाराचा उच्चार नाममात्र, म्हणून 'ह' लघू. 'हंस' पक्ष्याचा 'हं' मात्र गुरू. पाठ्यपुस्तकातील 'जोडाक्षरापूर्वीचे व अनुस्वारयुक्त अक्षर गुरू' ह्या नियमाला ह्या चार जोड्या चार बाजूंनी तपासतात. तो नियम खोटा नव्हे, पण त्याच्या कडा कोठे आहेत हे त्या नियमाच्या वाक्यातून कळत नाही. ते जोड्यांतून कळते.

संगणकाने ह्यात स्वतःची भर घातली. 'दऱ्या'मधला 'ऱ' युनिकोडमध्ये तीन प्रकारे लिहिलेला सापडतो : 'ऱ' ह्या स्वतंत्र चिन्हाने, 'र'खाली नुक्ता देऊन, किंवा 'र'चा पाय मोडून त्यापुढे 'झीरो विड्थ जॉइनर' नावाचे अदृश्य चिन्ह ठेवून. डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसतात, आज्ञावलीला तिन्ही निराळे. म्हणून 'दऱ्या'च्या नोंदी तक्त्यात तीन आहेत. कागदावर छापला तर तो तक्ता वाचणाऱ्यास वेडगळ वाटेल, कारण तोच शब्द तीनदा लिहून समोर तेच उत्तर तीनदा दिलेले दिसेल.

ह्या सगळ्याचा विचार करताना संस्कृत व्याकरणपरंपरेतील वृत्तिग्रंथांची आठवण येणे अपरिहार्य होते. जयादित्य आणि वामन ह्यांच्या 'काशिके'त पाणिनीच्या सूत्राखाली उदाहरणे येतात, आणि मग वृत्तिकार सूत्रातील एकेक शब्द उचलून विचारतात : हा शब्द कशासाठी? लगेच प्रत्युदाहरण येते. तो शब्द सूत्रातून काढला असता तर कोणते नको ते रूप सिद्ध झाले असते, ते दाखवणारे. आजच्या चाचणीशास्त्रात ह्याला समांतर अशी 'म्युटेशन टेस्टिंग' नावाची रीत आहे. आज्ञावलीतील एखादी अट मुद्दाम काढून टाकायची आणि तक्त्यातली एखादी तरी नोंद ओरडते का ते पाहायचे. एकही नोंद ओरडली नाही, तर ती अट तरी निरर्थक आहे किंवा तक्ता तरी अपुरा आहे. उदाहरणांची संख्या वाढवली म्हणजे तक्ता सबळ झाला असे नाही. प्रत्येक नोंदीला 'तू कशासाठी?' असे विचारता आले पाहिजे आणि तिला उत्तर देता आले पाहिजे.

तक्त्याच्या उजव्या स्तंभाचा, म्हणजे अपेक्षित उत्तराचा, प्रश्न याहून कठीण. ते उत्तर कोठून आणायचे? आज्ञावली चालवून तिचे उत्तर तेथे उतरवून घेतले तर चाचणी कायमची हिरवी राहील, पण ती परीक्षा राहणार नाही. विद्यार्थ्याच्याच उत्तरपत्रिकेवरून आदर्श उत्तरे तयार करण्यासारखे ते होईल. उत्तर स्वतंत्र साक्षीदाराकडून यावे लागते. आमच्या सोबत एक निवृत्त मराठी शिक्षक होते. अनेक वर्षे वर्गात वृत्ते चालीवर म्हणवून घेतलेला त्यांचा कान हाच आमचा साक्षीदार. वाद निघाला की आम्ही विचारायचो, "सर, इथे लघू धरायचं की गुरू?" आणि ते दरवेळी तेच सांगायचे, "आधी म्हणून बघा." ओळ म्हटली जाई, टेबलावर बोटे वाजत, आणि मग त्या स्तंभात 'ल' किंवा 'ग' लिहिला जाई. माधवराव पटवर्धनांची 'छंदोरचना' हाताशी होतीच, पण तीही शेवटी अनेक कवींच्या ओळी ऐकून, मोजून, वर्गवारी करून उभी राहिली आहे. तिच्यामागेही कानच आहे.

हा सारा खटाटोप कशासाठी होता ते केशवसुतांपाशी आल्यावर उमगले.

मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम आपण सारे वापरतो. १९६२ साली चौदा नियम झाले आणि १९७२ साली त्यांत चार नियमांची भर पडली. पहिल्या चौदांनी ठरवले की तत्सम इकारान्त आणि उकारान्त शब्द दीर्घान्त लिहावेत. म्हणून 'कवि'चा 'कवी' झाला, 'गति'ची 'गती' झाली. मौज अशी की, संस्कृतात 'लघु' आणि 'गुरु' हे दोन्ही शब्द दोन-दोन लघू अक्षरांचे. आता 'लघू' आणि 'गुरू' लिहिताना दोन्हींचे शेवटचे अक्षर गुरू झाले आहे. त्यांतील एक नियम जुन्या वाङ्मयासंबंधी आहे. केशवसुतपूर्वकालीन पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पूर्वीचे गद्य मुळाबरहुकूम छापावे, त्यानंतरचे लेखन नव्या नियमांप्रमाणे छापावे, असा त्याचा आशय. म्हणजे ज्या कवीच्या गावी आम्ही बसलो होतो तोच मराठी लेखननियमांतील सीमेचा दगड आहे. 'केशवसुतपूर्व' ह्या शब्दात केशवसुत येत नाहीत. नियम शब्दशः वाचला तर मोरोपंतांची 'गति' सुरक्षित राहते आणि केशवसुतांची 'गती' होते. वृत्ताने जेथे दोन लघू मागितले तेथे छापील पानावर लघू आणि गुरू उभे राहतात. ज्यांनी अक्षरगणवृत्तांत लिहिले आणि मराठीत सुनीत रुजवले, त्यांची ओळ नव्या छपाईत मोजली तर वृत्तभंग झाल्यासारखी दिसते.

आमच्या तक्त्यातील नेमकी ही नोंद लाल झाली. चाचणी लाल होते तेव्हा संशयित तिघे असतात : आज्ञावली, अपेक्षित उत्तर आणि इनपुट. आज्ञावलीने 'गती'तील 'ती' गुरू सांगितली, आणि समोरचे अक्षर पाहता ते चूक नव्हते. सरांच्या कानाने 'ति' लघू सांगितली, आणि वृत्त पाहता तेही चूक नव्हते. इनपुट होते नव्या आवृत्तीतून जसेच्या तसे उतरवलेले. आमच्यातील एका तरुण सहकाऱ्याने सुचवले की अपेक्षित उत्तर बदलून 'गुरू' करावे. नियमाप्रमाणे तेच बरोबर आहे आणि तक्ता हिरवा होईल. सूचना प्रामाणिक होती. पण तिचा परिणाम काय? ही आज्ञावली वापरणारा विद्यार्थी केशवसुतांची ओळ तीत घालील, 'वृत्त चुकले' असा शेरा वाचील, आणि आधुनिक मराठी कवितेच्या प्रारंभी उभ्या असलेल्या कवीला लघुगुरू सांभाळता येत नव्हते असा निष्कर्ष काढून मोकळा होईल. दोष छपाईच्या धोरणाचा आणि शिक्षा कवीला.

दुसरी वाट म्हणजे अन्त्य 'ई' सरसकट लघू धरण्याची. तिला तक्त्यानेच रोखले, कारण तेथे 'नदी'ची नोंद आधीच होती. 'नदी'चा ईकार मुळातला दीर्घ, 'गती'चा नियमाने आलेला. १९६२ नंतरच्या लेखनात दोन्ही एकाच वेषात आहेत, आणि त्यांतील भेद अक्षरांत नसून शब्दांच्या इतिहासात आहे. तेव्हा आज्ञावलीला मूळच्या ऱ्हस्वान्त तत्सम शब्दांची यादी द्यावी लागली, आणि उत्तराचे रूपच बदलावे लागले. 'लघू' आणि 'गुरू' ह्यांच्या जोडीला 'दोन्ही शक्य' असे तिसरे उत्तर आले. चरणान्ती येणाऱ्या लघूलाही तेच लागू केले, कारण परंपरा तेथे विकल्प देतेच. मग त्या ओळीपुरता निर्णय वृत्त देते. नोंद हिरवी झाली ती अशी, आणि तिला आम्ही नाव दिले त्याच नियमाचे.

ह्याच प्रसंगाने आणखी एक प्रश्न पुढे आणला. तक्ता जर नुसता अक्षरगणवृत्तांच्या ओळींनी भरला तर आज्ञावली ओवीला आणि अभंगाला काय म्हणेल? लघुगुरूंचा हिशेब तेथे लागू होत नाही. पटवर्धनांनी छंद, जाती आणि वृत्त अशी तीन अंगे निराळी केली ती उगाच नव्हे. म्हणून तक्त्यात अशाही नोंदी आहेत ज्यांचे अपेक्षित उत्तर 'हा माझा प्रांत नव्हे' असे आहे. जात्यावरच्या ओवीपुढे आज्ञावलीने नम्रपणे गप्प बसावे, हेही चाचणीने तपासावे लागते. चांगल्या परीक्षकालाही हे शिकावे लागते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

तक्त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. चाचण्या दोष असल्याचे दाखवू शकतात, दोष नसल्याचे नव्हे, हे एड्सगर डाइक्स्ट्रा ह्यांनी पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे. ती उणीव थोडी भरून काढणारी दुसरी रीत २००० साली कोएन क्लासेन आणि जॉन ह्यूज ह्यांनी 'क्विकचेक'च्या रूपाने मांडली. तीत उत्तरे लिहायची नाहीत, कायदे लिहायचे, आणि इनपुटे यंत्राने हवी तितकी तयार करायची. आम्हीही असे दोन कायदे लिहिले : ओळीच्या मात्रा तिच्या अक्षरसंख्येहून कमी वा दुपटीहून अधिक असू नयेत, आणि 'ऱ' कोणत्याही प्रकारे लिहिला तरी उत्तर बदलू नये. असे कायदे हजारो इनपुटांवर पहारा करतात. पण 'पुन्हा'तील 'पु' लघू आहे हे कोणत्याही कायद्यातून निघत नाही. ते कोणीतरी ऐकून लिहावे लागते.

आज तो तक्ता विद्यार्थ्यांच्या हाती आहे, आणि आज्ञावलीपेक्षा तो अधिक वाचला जातो असे दिसते. एका विद्यार्थिनीने 'तुझ्या'च्या नोंदीवर आक्षेप घेतला आहे. एका जुन्या कवीच्या ओळीत तिला तेथे 'तु' गुरू आढळला. तिची नोंद आम्ही तक्त्यात घातली आहे. सध्या ती लाल आहे, आणि ओळ म्हणून पाहिल्याखेरीज तिला हिरवी करायची नाही, असे ठरले आहे.